विमान हे रब्बीचं पीक

सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसाची गाडी उभी राहिली की आधी ओल मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कापून भाव, त्यापुढे गाडी परत. लाकडी विमान बांधणाऱ्याला नेमके हेच दोन आकडे पाठ असावे लागतात. सांध्याला डिंक लावायच्या दिवशी लाकडातली ओल 8 ते 12 टक्क्यांच्या मध्ये हवी. योगायोगच, पण खान्देशातल्या माणसाला लक्षात ठेवायला सोपा.

घरी बांधायच्या लाकडी विमानांचे बहुतेक नकाशे बाहेरचे आहेत. पीटनपोलचं एअर कँपर 1929 मधलं, अमेरिकेतल्या मिनेसोटाचं, फोर्ड मोटारीच्या इंजिनावर उडणारं. जोडेल डी-9 हे 1948 मध्ये उडालेलं फ्रेंच विमान. एक माणूस, सुमारे सात मीटरचा पंख, रिकामं वजन 190 किलोच्या आसपास, भरलेलं 320. नकाशात प्रत्येक पट्टीची जाडी, प्रत्येक खिळ्याची जागा दिलेली असते. जळगावचा मे महिना मात्र त्यात कुठेच नसतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

लाकूड कापल्यावरही हवेशी देवघेव थांबवत नाही. हवेतली आर्द्रता 65 टक्के असेल तर ते साधारण 12 टक्के ओलीवर येऊन थांबतं, 40 टक्के असेल तर साडेसातवर. आपल्याकडे मेच्या दुपारी आर्द्रता 20 च्याही खाली जाते, म्हणजे लाकूड 4-5 टक्क्यांकडे निघतं. श्रावणात झड लागली आणि आर्द्रता 80-85 वर राहिली की तेच लाकूड 16-17 कडे. स्प्रूस म्हणजे विमानात वापरतात ते हलकं सूचिपर्णी लाकूड. त्याची 150 मिलिमीटर रुंद फळी घ्या. 6 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर जाताना ती रुंदीत किती फुगते? वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत चिरलेली असेल तर सुमारे 4 मिलिमीटर, त्रिज्येच्या दिशेने चिरलेली असेल तर दोन-सव्वादोन. लांबीत जवळजवळ काहीच नाही. एकच फळी एका दिशेला फुगते आणि दुसऱ्या दिशेला ढिम्म राहते, म्हणून आडव्या-उभ्या रेषांची लाकडं एकमेकांना चिकटवली की सांधा वर्षभर ओढाताण सोसतो.

म्हणून आमचं ठाम मत असं, की खान्देशात विमान हे रब्बीचं पीक समजावं. दिवाळी ते होळी हा जोडणीचा हंगाम. या दिवसांत सावलीतल्या खोलीत लाकूड आपसूक 8 ते 10 च्या दरम्यान राहतं, दुपारी हात चालतो आणि इपॉक्सी, म्हणजे दोन घटक कालवून होणारा डिंक, भांड्यातच उकळत नाही. उन्हाळ्यात लोखंडकाम करावं: 4130 या विमानकामाच्या स्टीलच्या पट्ट्या, बिजागऱ्या, कंट्रोलच्या तारा. पावसाळ्यात इंजिन खोलून बसावं, कागदपत्रं करावीत. जोडणीला मात्र हात लावू नये.

ओल मोजायची कशी? बाजार समितीत मक्याला लावतात ते मीटर इथे कामाचं नाही. लाकडाचं दोन सुयांचं मीटर वेगळं मिळतं, तेही जातीनुसार दुरुस्त करून वाचावं लागतं. सगळ्यात भरवशाची रीत जुनी आहे. त्याच फळीचा टोकापासून आतला तुकडा कापायचा, सराफाच्या तराजूवर वजन करायचा, 103 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवायचा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर काही तासांनी तोलायचा. 112 ग्रॅमचा तुकडा 100 वर थांबला तर ओल 12 टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा, ओल्या वजनाने नाही. ही चूक इतकी सर्रास होते की इथे सांगायलाच हवी.

उन्हाळ्यात जोडणीचा मोह झालाच, तर कूलरखाली काम करू नका. मे महिन्यात कूलरशिवाय आपल्याकडे पान हलत नाही हे खरं, पण कूलर म्हणजे खोलीत पाणी फवारणारं यंत्र. बाहेर 4 टक्क्यांवर वाळलेली पट्टी कूलरसमोर दोन दिवस पडली की वरून ओली आणि आतून कोरडी होते. वरचा थर फुगलेला असताना तिला डिंक लावला की पुढच्या लूमध्ये तो आकसतो आणि सांध्याची कड उचलू लागते. इथले जुने मिस्तरी मीटर न लावता फळीला गाल लावून सांगतात, ‘भाऊ, आजून वलं शे.’ त्या गालावर विश्वास ठेवावा आणि मग वजनही करावं.

आता लाकूड कोणतं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याच्या तोंडी पहिलं नाव सागवान येणार. चौकटीला, बैलगाडीला, पलंगाला सागासारखं लाकूड नाही, पण पंखात त्याचं काम नाही. 20 बाय 150 मिलिमीटरचा चार मीटर लांब स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, स्प्रूसची केली तर पाच किलोच्या थोडी वर भरते. सागाची केली तर पावणेआठ. असे स्पार चार असले तर दहा किलो जास्त, आणि हे फक्त तुळयांचं. शिवाय सागाच्या अंगचं तेल डिंकाला नीट धरू देत नाही. अंजन तर पाण्यात बुडतं, त्याच्याबद्दल बोलायलाच नको. बाजारात ‘पाईन’ म्हणून जे मिळतं ते बहुधा खोक्यांचं आणि चौकटींचं गाठाळ लाकूड असतं. शंभर फळ्यांतून एखादी निघेलही, पण ती निवडायची नजर येईपर्यंत बाहेरून मागवलेलं प्रमाणित स्प्रूस किंवा डग्लस फर घ्यावं. डग्लस फर स्प्रूसपेक्षा पाचव्या-चौथ्या हिश्श्याने जड पण ताकदीला जास्त, आणि फाटायलाही पटकन तयार. खिळा मारण्याआधी भोक पाडा.

फळी हातात आली की पहिल्यांदा टोक पाहायचं. 25 मिलिमीटरमध्ये निदान सहा वलयं हवीत. डग्लस फर असेल तर आठ. मग रेषांचा कल. 15 ला 1 यापेक्षा जास्त तिरपी रेषा चालत नाही, म्हणजे 300 मिलिमीटर लांबीत रेषा 20 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. डोळ्याला दिसणारे पट्टे इथे फसवतात. फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब रंधलेल्या पृष्ठभागावर सोडा. शाई तंतूंच्या वाटेने पळते आणि खरी दिशा दाखवते. दोन लगतच्या बाजूंवर पाहा, कारण एका बाजूला सरळ दिसणारी फळी दुसऱ्या बाजूला पळालेली असू शकते.

सगळ्यात घातक दोष सगळ्यात कमी दिसतो. झाड पाडताना आपटलं, किंवा वादळात वाकलं, तर तंतू दाबाखाली चुरगळतात. रंधलेल्या फळीवर ती खूण केसासारखी बारीक, रेषांना आडवी, थोडी नागमोडी दिसते, नखाच्या कडेने ओरखडल्यासारखी. खोलीत अंधार करा, टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि भिंग घेऊन चारही बाजू सावकाश पाहा. अशी रेघ दिसली की फळीचा तेवढा भाग बाद. तिथून स्पार वाकणार नाही, काडीसारखा कट्कन मोडेल. इथे हळहळू नये. त्याच फळीचे बारीक तुकडे पंखाच्या फासळ्यांच्या साच्याला ठोकळे म्हणून वापरता येतात.

प्लायवुडचंही तसंच. दुकानातलं आयएस 710 चं मरीन प्लाय 72 तास उकळून तपासतात, त्याचा डिंक चांगला असतो हे कबूल. पण ते फर्निचर आणि होड्यांसाठी आहे: थर जाड, लाकूड जड, मध्ये कुठे पोकळी राहिलेली. पंखाच्या पुढच्या कडेला लागतं ते 1.5 मिलिमीटरचं बर्च प्लाय, चौरस मीटरला साधारण एक किलो. ते बल्बसमोर धरलं की प्रकाश आरपार येतो आणि आतला सांधा, पोकळी, गाठ सावलीसारखी दिसते. पंखाला पीळ बसू नये म्हणून ते थरांच्या रेषा 45 अंशांत तिरप्या ठेवून लावायचं असतं. तसं कापताना वाया जातं, म्हणून काही जण सरळच लावून टाकतात. लावू नये. पिळाचा जोर नेमका 45 अंशांतूनच वाहतो.

प्लायच्या दोन तुकड्यांचा तिरपा सांधा हे या कामातलं सगळ्यात देखणं काम. उतार 12 ला 1. 1.5 मिलिमीटरच्या प्लायला 18 मिलिमीटर लांब उतार. पाच-सहा तुकडे एकावर एक ठेवायचे, प्रत्येक खालच्यापेक्षा 18 मिलिमीटर मागे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सगळे शिकंज्यात पकडून रंधा एकाच उतारावर फिरवायचा. पातं इतकं धारदार हवं की मनगटावरचे केस उतरावेत. उतार जमला की नाही हे प्लाय स्वतःच सांगतं. प्रत्येक थराची एक पट्टी उतारावर दिसू लागते, एक फिकी, एक गडद. या पट्ट्या सरळ आणि एकमेकींना समांतर असतील तर उतार सपाट आहे. पट्टी कुठे फुगली वा निमुळती झाली की तिथे खोलगट किंवा उंचवटा. शेवटची कड कागदासारखी पातळ होते आणि फाटते. त्यासाठी खाली एक टाकाऊ पट्टी ठेवावी, म्हणजे रंधा तिच्यावर उतरतो. स्पारचा सांधाही याच रीतीचा. 20 मिलिमीटर जाडीला 240 मिलिमीटर उतार.

डिंक लावायच्या जागी शेवटचा हात रंध्याचा किंवा धारदार पटाशीचा असावा. काचपेपर घासून गुळगुळीत केलेल्या लाकडात धूळ तंतूंच्या तोंडात बसते. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो पसरून मुरला तर ठीक, गोळीसारखा उभा राहिला तर पृष्ठभाग मेलेला आहे, पुन्हा रंधा. रंधल्यापासून त्याच दिवशी चिकटवा. हाताचा घाम, रंध्याच्या तळाला लावलेलं मेण, जिनिंगकडून उडत आलेला कापसाचा तंतू, सगळं सांध्यात जातं.

सुताराचा पांढरा डिंक विमानात चालत नाही. तो सुकल्यावरही कायमच्या भाराखाली हळूहळू सरकत राहतो आणि उन्हात मऊ पडतो. कपाटाला ते समजत नाही, पंखाला समजतं. रिसॉर्सिनॉल हा सगळ्यात टिकाऊ, सांध्यात गडद जांभळट रेघ सोडणारा. पण त्याला सांधा अगदी घट्ट हवा, दाब मोठा हवा आणि 21 अंशांच्या वर उष्णता हवी. डिसेंबरच्या रात्री धुळ्यात पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा ताडपत्रीच्या तंबूत दोन बल्ब लावून ठेवावे लागतात. घरच्या कामाला इपॉक्सी सोपं. त्याला दाब कमी पुरतो, बारीक फट भरते. दाबाबाबत मात्र उलटी चूक होते. शिकंजे जीव खाऊन आवळले की सगळं इपॉक्सी बाहेर पळतं आणि सांधा उपाशी राहतो. दोन्ही कडांना सलग बारीक मणी दिसेल एवढंच आवळायचं.

शिकंजे किती लागतात हे कळल्यावर डोळे पांढरे होतात. स्पारला दर 75-100 मिलिमीटरला एक. इथे पाइपांचं जळगाव मदतीला येतं. 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे 25 मिलिमीटर रुंद कडे कापा, प्रत्येकाला एक चीर द्या, झाला स्प्रिंगचा शिकंजा. एका लांबीतून शंभरावर निघतात. वाकड्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा.

इपॉक्सीचं मिश्रण वजनाने करा. आकारमानाने 1:1 असणारं मिश्रण वजनाने 1:1 नसतं. टी-88 या विमानकामाच्या इपॉक्सीसाठी ते 100 ला 83 आहे. त्याचा हाताळण्याचा वेळ 25 अंशांना सुमारे पाऊण तास, आणि पारा दहा अंशांनी चढला की तो साधारण निम्मा होतो. त्यात वाटीत ढीग करून ठेवलं तर ते स्वतःच तापतं, धूर येतो. पसरट ताटलीत पातळ थर ठेवा, एका वेळी 50 ग्रॅमच्या वर कालवू नका.

आणि प्रत्येक कालवणीचा नमुना. त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच मिश्रणाने चिकटवायचे, तारीख, तापमान, आर्द्रता पेन्सिलने लिहायची आणि इपॉक्सी पूर्ण मुरल्यावर पटाशी घालून फोडायचे. दोन्ही बाजूंना उपटलेले तंतू दिसले, लाकूडच फाटलं, तर सांधा पास. चकचकीत डिंकाची फिल्म दिसली तर त्या दिवशी त्या वाटीतून जे जे जोडलं ते सगळं काढून टाकायचं. इथे दया दाखवणाऱ्याने पतंग करावेत.

हा कडकपणा उगाच नाही. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी लढाऊ विमान, प्लाय आणि बाल्साचं. युरोपात त्याने नाव काढलं. 1944 मध्ये भारतात आणलेल्या मॉस्किटोंपैकी काहींचे पंख हवेत निखळले आणि नोव्हेंबरात ताफा थांबवून तपासणी करावी लागली. दोष कारखान्यातल्या चिकटवण्याचा की इथल्या हवेचा यावर तेव्हा बराच खल झाला. पण जिथे सांध्यात मुळात फट राहिली होती, तिथे इथल्या उन्हा-पावसाने ती उघडी पाडली. लाकूड भारतात चालत नाही असा अर्थ मात्र काढू नये. रोहिणी हे आपल्याकडचं दोन आसनी ग्लायडर 1961 मध्ये उडालं, ते लाकडाचंच होतं.

फासळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 6 मिलिमीटरच्या चौकोनी पट्ट्या, एक साचा, प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना प्लायचा त्रिकोण. खिळा फक्त डिंक धरेपर्यंतचा गडी. साच्यावर प्लास्टिकचा कागद घालायला विसरलात तर फासळी साच्यासकट पंखात बसवावी लागेल.

पेटी बंद करायच्या आधी मात्र थांबा. स्पारची, पंखाच्या पुढच्या कडेची, शेपटीची पेटी एकदा बंद झाली की आत काय आहे ते कुणालाच दिसणार नाही, तपासनिसालाही नाही. उड्डाणाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडूनच मिळतो, त्यामुळे पहिली फळी कापायच्या आधी त्यांच्याशी पत्रव्यवहार हवा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो, नमुने, बिलं जपून हवीत. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये लोकांनी पाहिलं, आणि ते 2020 मध्ये आपल्या धुळ्यातच चाचणीसाठी उडालं. ते धातूचं. मधल्या वर्षांत किती कागद हलले असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

बंद करण्यापूर्वी आतून व्हार्निश द्यायचं, पण जिथे डिंक लागणार तिथे आधी चिकटपट्टी लावून. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकांना दोन हात जास्त, कारण लाकूड पाणी पितं ते टोकातून. प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला 6 मिलिमीटरचं भोक. विमान चाकांवर उभं असताना कोणता बिंदू खाली येतो ते पाहून ठरवा. टेबलावर खाली वाटणारी जागा शेपटी टेकवलेल्या विमानात वरही असू शकते. बोल्टच्या भोकांतही व्हार्निश फिरवा, वॉशर मोठे घ्या, आणि पाना असा चालवा की वॉशर लाकडात रुतणार नाही.

सांगाड्यावर चढवायचं पॉलिएस्टर कापड इस्त्रीने ताणलं जातं: पहिला हात 120 अंशांना, शेवटचा 177 च्या वर कधीच नाही. घरच्या इस्त्रीवरचे ‘कॉटन-सिल्क’ आकडे विसरा, तिच्या तळाला थर्मामीटर लावून खुणा करा. कापड फार ताणलं तर ते पंखाची मागची नाजूक कड फासळ्यांच्या मध्ये आत ओढून घेतं. वरचा रंग पांढरा. गडद रंगाखाली आपल्याकडच्या मेच्या उन्हात पृष्ठभाग 80 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि साधं इपॉक्सी त्याच्या अलीकडेच मऊ पडायला लागतं. लाल विमान फोटोत छान दिसतं.

पहिल्या उड्डाणाची घाई मे महिन्यात करू नका. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. पण 45 अंशांना हवा इतकी विरळ होते की पंखाला आणि इंजिनाला ती जागा सुमारे 1400 मीटरवर असल्यासारखी वाटते, म्हणजे तोरणमाळच्याही वर. छोट्या इंजिनाच्या विमानाला धावपट्टी संपता संपता ते कळतं. डिसेंबरची सकाळ बघा.

विमान उडायला लागल्यावर शेडमध्ये सगळ्यात जास्त भीती उंदराची. त्याचं मूत पंखात मुरलं की प्लाय काळं पडतं आणि सांधा कुजतो. चाकांखाली तेलाची ताटली ठेवा, पंखातली मोठी भोकं जाळीने बंद करा. ओलीची सहा मिलिमीटरची भोकं मात्र उघडीच राहू द्या, आणि त्यात कुंभारीण माशीने माती भरली नाही ना ते दर महिन्याला काडी घालून पाहा.

लाकडी पंख्याचे, म्हणजे प्रोपेलरचे, बोल्ट आवळणं हे शेवटचं, पण वर्षातून किमान दोनदा करायचं काम. पंखा नवा बसवला की 25 तासांनी, मग दर 50 तासांनी ते तपासतातच. आपल्याकडे त्यात पंचांग मिसळावं लागतं. श्रावणात पंख्याचा मध्य फुगतो, बोल्टखाली लाकूड चेपतं. होळीनंतर ते आकसतं आणि तेच बोल्ट सैल होतात. सैल पंखा इंजिनाच्या चकतीवर घासून लाकूड जाळतो, उघडून पाहिलं तर तपकिरी डाग दिसतात. म्हणून एकदा मार्चच्या अखेरीस आणि एकदा पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा झाला की ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना काढायचा, बोल्ट अडकवून ठेवणाऱ्या तारा कापायच्या, प्रत्येक बोल्ट समोरासमोरच्या जोडीने नकाशात दिलेल्या आकड्यावर आणायचा आणि नवी तार घालायची.